बोर्ड चालू, भाव कालचे: लाईव्ह डिजिटल बोर्ड अडकतो तेव्हा काय तपासायचं

नाशिक जिल्ह्यातल्या एका कांदा बाजाराच्या फाटकासमोर, एका व्यापाऱ्याच्या ऑफिसवर मी बसवलेला ४३ इंची बोर्ड आहे. त्यावर कांद्याचे प्रकार: उन्हाळ, लाल, गोल्टी. पुढे किमान, कमाल, सरासरी भाव. खाली सरकती पट्टी. मागे एक रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक (पुढे नुसता "पाय"), त्यावर क्रोमियम हा ब्राउझर पूर्ण स्क्रीनभर. भाव मुनीमजी मोबाइलवरून गुगल शीटमध्ये टाकतात. साधा, स्वस्त मामला.

हंगाम सुरू झाल्यापासून दर आठ-दहा दिवसांनी फोन यायचा, "भाऊ, बोर्ड अडकला." मी सांगायचो, स्विच बंद करून चालू करा. बोर्ड सुरळीत व्हायचा. आठ दिवसांनी परत तेच. मग एकदा ट्रॅक्टर घेऊन आलेल्या एका बाबांनी बोर्डाचा फोटो काढला आणि लिलावानंतर तो दाखवायला थेट ऑफिसात शिरले. फोटोत सरासरी १६५० होती, त्यांच्या मालाला पुकारले १४००. ते १६५० आदल्या दिवशीचे होते. शेठ माझ्याकडे बघत होते, मी बोर्डाकडे. पट्टी मात्र झकास पळत होती.

स्क्रीन काळी पडली असती तर बाबांनी दुसऱ्या कोणाला तरी भाव विचारला असता. अडकलेला बोर्ड आणि चालू बोर्ड दिसायला अगदी सारखे, हीच यातली खरी अडचण. "बंद करून चालू केला की बरा होतो" एवढ्यावर तुम्हीही दिवस काढत असाल तर पुढचं वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे स्विचला लगेच हात लावू नका. रीस्टार्ट केलं की पुरावा जातो. आधी एक मिनिट बोर्डासमोर उभं राहून बघा. त्यासाठी पानावर सेकंद दाखवणारं घड्याळ हवं, कोपऱ्यात छोटं असलं तरी चालेल. नसेल तर आजच टाका, जावास्क्रिप्टच्या चार ओळींचं काम आहे. सरकत्या पट्टीवर विसंबू नका. ती सीएसएसच्या (पानाची सजावट लिहायच्या भाषेच्या) अॅनिमेशनने पळवलेली असेल तर ब्राउझर तिला वेगळ्या धाग्यावर, म्हणजे जावास्क्रिप्टपासून स्वतंत्रपणे, हलवतो. पानाची जावास्क्रिप्ट पूर्ण आडवी झाली तरी पट्टी पळत राहू शकते. माझी तशीच पळत होती.

घड्याळ बघितलं की तीनपैकी एक गोष्ट दिसते. घड्याळ थांबलेलं असेल तर पान, ब्राउझर किंवा खुद्द पाय अडकलाय. घड्याळ चालू आणि आकडे शिळे, तर माहिती येण्याच्या वाटेवर काहीतरी तुटलंय. घड्याळ चालू पण वेळच चुकीची, तर तो तिसरा आणि सगळ्यात चकवणारा आजार.

घड्याळ थांबलेलं असेल तर आधी वीज बघा, मग सॉफ्टवेअर. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर लागतो. दुकानात सापडलेला मोबाइलचा चार्जर आणि लांबलचक बारीक केबल लावली की व्होल्टेज पडतं, कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह चमकतं आणि पाय आपला वेग कमी करतो. चिन्ह बघायला कोणी उभं नसतं, म्हणून टर्मिनलवर थ्रॉटलिंगची, म्हणजे वेग कमी केल्याची, स्थिती विचारा. आत्ता नव्हे, पण सुरू झाल्यापासून कधी व्होल्टेज पडलं असेल तरी ते तिथे नोंदलेलं असतं. माझ्या ओळखीतले निम्मे "सॉफ्टवेअर हँग होतंय" वाले बोर्ड अडॅप्टर बदलल्यावर गप्प बसले.

वीज ठीक असेल तर मेमरी. पान आठवडाभर उघडंच आहे, दर मिनिटाला नवे फोटो किंवा आलेख काढतंय आणि जुने सोडत नाहीये, तर १ जीबीच्या पाय ३ वर ते कधीतरी कोसळणारच. इथे एक फसगत होते. आपण सिस्टमडीला (पायवरचे प्रोग्रॅम सुरू करून सांभाळणाऱ्या यंत्रणेला) सांगून ठेवलेलं असतं की ब्राउझर मेला तर पुन्हा उठव. पण कोसळतो तो फक्त टॅब. ब्राउझरची मूळ प्रक्रिया ठणठणीत जिवंत असते. सिस्टमडीच्या लेखी सगळं आलबेल. त्यावर मी केलं ते असं: पान दर ३० सेकंदांनी पायवरच्याच एका छोट्या स्क्रिप्टला "जिवंत आहे" असा निरोप पाठवतं. दोन मिनिटं निरोप आला नाही की स्क्रिप्ट ब्राउझर मारून नव्याने उघडते. शिवाय रोज पहाटे तीनला ब्राउझर आपला आपण बंद-चालू होतो. दुसरा उपाय आळशी आहे, मान्य. पण चालतो. आणि ब्राउझर इन्कॉग्निटोमध्येच, म्हणजे आधीचं काही लक्षात न ठेवणाऱ्या खिडकीत, उघडा, नाहीतर वीज गेल्यावर "आधीची पानं परत आणू का" अशी खिडकी भावांवर येऊन बसते आणि तिच्यावर टिचकी मारायला माउस कुठे असतो?

माझ्या बोर्डाचं घड्याळ मात्र नीट चालू होतं. म्हणजे प्रकार दुसरा.

पानाची रचना अशी होती: शीटमधून आकडे आण, दाखव, दहा सेकंद थांब, पुन्हा आण. पुढच्या फेरीची वेळ लावणारी ओळ आकडे दाखवण्याच्या *नंतर* लिहिलेली. मध्ये कधीतरी सर्व्हरने आकड्यांऐवजी ५०२ चं त्रुटीचं पान पाठवलं. आमच्या कोडने ते जेसन (माहिती पाठवायची ठरलेली मांडणी) समजून फोडायला घेतलं, तिथेच चूक उडाली आणि पुढची ओळ कधी चाललीच नाही. साखळी तुटली. एकाच वाईट उत्तराने बोर्ड कायमचा गप्प, आणि स्क्रीनवर शेवटचे बरे आकडे तसेच. आठ-दहा दिवसांतून एकदा असं उत्तर येणं अगदी नेहमीचं आहे. म्हणूनच फोनही तितक्या दिवसांनी यायचा.

उपाय दोन ओळींचा. पुढची फेरी लावण्याचं काम यश-अपयश काहीही झालं तरी चालणाऱ्या भागात, म्हणजे "फायनली"त टाका. आणि प्रत्येक मागणीला स्वतःची मुदत द्या. फेचला, म्हणजे आकडे मागवणाऱ्या आज्ञेला, आपण मुदत दिली नाही तर ते आपणहून लवकर हार मानत नाही; अर्धमेल्या नेटवर ती मागणी लटकून राहते आणि मागची रांगही. मी आठ सेकंद देतो.

"मग पानच दर पाच मिनिटांनी रिफ्रेश करू की", हा सल्ला सर्रास मिळतो. मीही तो आधी करून बसलो होतो आणि त्याने आजार बरा होण्याऐवजी बदलला. रिफ्रेश करायला सांगणारी ओळ असते आपल्या पानात. रिफ्रेशच्या नेमक्या क्षणी सर्व्हरने ५०२ दिलं तर आपलं पान जातं, सोबत ती ओळही जाते, आणि समोर उरतं ते सर्व्हरचं पांढरं पान. त्याला कोण रिफ्रेश करणार? नेट गेल्यावर येणारं डायनासोरचं पान क्रोमियम स्वतःच पुन्हा उघडून बघतं, म्हणून नेट काढून केलेल्या चाचणीत सगळं उत्तम दिसतं. सर्व्हरने पाठवलेल्या त्रुटीच्या पानाला तो नियम लागू नाही. म्हणून आता पान पायच्या मेमरी कार्डावरच असतं आणि तिथूनच उघडतं. बाहेरून येतात ते फक्त आकडे. नेट असो नसो, पान जागचं हलत नाही.

शीटबद्दल दोन शब्द. "वेबवर प्रकाशित करा" हा पर्याय वापरून आकडे उचलत असाल तर ते साधारण पाच मिनिटांनी ताजे होतात. तुमचा बोर्ड दर दहा सेकंदांनी विचारतोय म्हणून उत्तर ताजं येत नाही. लिलाव जोरात असताना पाच मिनिटांत बरेच ट्रॅक्टर पुढे सरकतात. ताजं हवं तर शीट्स एपीआयकडे, म्हणजे प्रोग्रॅमने शीट थेट वाचायच्या सोयीकडे, जा, पण तिथे मोजमाप आहे: एका वापरकर्त्याला मिनिटाला ६० वाचनं. शेठनी नंतर आणखी तीन ठिकाणी बोर्ड लावले. चार बोर्ड, सगळे एकाच सर्व्हिस अकाउंटवर (म्हणजे गुगलच्या लेखी एकच वापरकर्ता), दर दहा सेकंदांनी तीन वेगवेगळ्या मागण्या. मिनिटाला ७२. म्हणजे एकटा बोर्ड तपासला की छान, चारही चालू झाले की अधूनमधून ४२९, म्हणजे "फार मागण्या झाल्या" अशी त्रुटी. तीन मागण्या एकत्र करून एकच केली, २४ वर आलो. तरीही ४२९ आलंच तर लगेच पुन्हा धडका मारू नका, दर वेळी थांबण्याचा काळ दुप्पट करा.

सरकारच्या अॅगमार्कनेट या बाजारभावांच्या संकेतस्थळावरचे भाव उचलून "लाईव्ह" म्हणून दाखवणारेही भेटतात. ते दिवसाचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव असतात. उपयोगाचे आहेत, पण समोर चाललेल्या लिलावाचे नाहीत. बोर्डावर तारखेसकट तसंच लिहा.

दवाखान्याच्या टोकन बोर्डासारखं वेबसॉकेट (सर्व्हरशी सतत उघडी राहणारी जोडणी) वापरत असाल तर अडकण्याचं कारण बहुधा वेगळं निघेल. मध्ये एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर ६० सेकंद काही बोलणं झालं नाही की ते जोडणी तोडतं. ही त्याची मूळ ठेवण. हे बरं, कारण तुटल्याचं पानाला कळतं. वाईट म्हणजे मधला राऊटर जोडणी मुकाट्याने विसरतो आणि दोन्ही टोकांना वाटत राहतं की आपण जोडलेले आहोत. बोर्ड वाट बघत बसतो, टोकन १७ वर. यावर उपाय: दर २५ सेकंदांनी इकडून हाक, तिकडून ओ. दोनदा ओ आली नाही की आपणच तोडून नवी जोडणी. ब्राउझर "ऑनलाइन आहे" म्हणतो त्यावर जाऊ नका. त्याला एवढंच म्हणायचं असतं की राऊटरपर्यंत तार आहे.

इतकं करूनही माझा बोर्ड एकदा खोटं बोललाच. साखळी चालू, नेट चालू, कोपऱ्यात "शेवटचं अपडेट ४ सेकंदांपूर्वी". आणि आकडे सकाळचे. मुनीमजी जेवायला गेले होते. बोर्ड दर दहा सेकंदांनी शीटकडून तेच जुने आकडे इमानाने आणत होता आणि आणल्याची वेळ दाखवत होता. चूक माझी. वेळ दाखवायची ती आकडे *आणल्याची* नव्हे, आकडे *नोंदल्याची*. आता शीटमध्ये प्रत्येक ओळीपुढे नोंदीची वेळ आपोआप पडते आणि बोर्ड तीच वाचतो. नोंद १५ मिनिटांहून जुनी झाली की आकडे राखाडी होतात आणि वर ठळक अक्षरांत येतं, "शेवटची नोंद सकाळी ११:२०". दोन तास झाले की आकडे निघूनच जातात, फक्त "भाव उपलब्ध नाहीत" राहतं. शेठना आधी हे पटलं नाही, "रिकामा बोर्ड बरा दिसत नाही हो." मी बाबांच्या फोटोची आठवण करून दिली.

या मर्यादा तुमच्या कामाप्रमाणे ठरवा. बसच्या वेळांना दोन मिनिटंही फार झाली, ग्रंथालयाच्या नव्या पुस्तकांच्या यादीला आठवडा चालतो.

आता तो तिसरा प्रकार, चुकीच्या घड्याळाचा. हा मी स्वतःच ओढवून घेतला. वीज वारंवार जाते म्हणून मेमरी कार्ड खराब व्हायची. वर्षात दोन गेली. पायच्या रास्पी-कॉन्फिग या सेटिंग्जच्या मेनूत ओव्हरले फाइल सिस्टमचा पर्याय आहे, तो चालू केला की कार्डावर काही लिहिलंच जात नाही, सगळं रॅममध्ये. कार्डांचा प्रश्न मिटला. पण त्यानंतर वीज गेली की बोर्डावर "तुमचं घड्याळ मागे आहे" असं सांगणारं सुरक्षेचं पान येऊन बसू लागलं. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. चालू झाल्यावर तो कार्डावर शेवटची लिहून ठेवलेली वेळ घेतो आणि नेटवरून खरी वेळ मिळेपर्यंत तीच धरून बसतो. ओव्हरलेमुळे ती "शेवटची वेळ" ओव्हरले चालू केला त्या दिवसावरच गोठली होती. म्हणजे प्रत्येक वेळी पाय उठायचा तो काही महिने मागे. सर्व्हरची ओळख पटवणारं लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं. मधल्या काळात नवं आलेलं. पायच्या मते ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलं नव्हतं. आणि तेव्हा पान अजून बाहेरच्या सर्व्हरवरून उघडत होतं.

खात्रीचा उपाय म्हणजे डीएस३२३१ चं छोटं घड्याळ मॉड्यूल, बटण-सेलसकट. पाय ५ मध्ये घड्याळ आतच आहे, पण बॅटरी वेगळी घ्यावी लागते हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. मॉड्यूल नको असेल तर नेटवरून वेळ जुळेपर्यंत ब्राउझर सुरूच होऊ नये असं सिस्टमडीत लावा. आणि वेळ कधी जुळतच नसेल तर तिथल्या फायरवॉलमध्ये यूडीपी १२३ हे पोर्ट बंद आहे का ते विचारा. मोठ्या ऑफिसांच्या वाय-फायवर ते बऱ्याचदा असतं.

बाकीच्या तक्रारी भराभर सांगतो.

जुन्या सूचना वापरून स्क्रीन झोपायची थांबत नसेल तर चूक तुमची नाही. पायच्या ऑपरेटिंग सिस्टमच्या ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या बुकवर्म आवृत्तीपासून पाय ४ आणि ५ चा डेस्कटॉप वेलँड या नव्या पडदा-यंत्रणेवर गेला, आणि वर्षभराने त्यातला खिडक्या सांभाळणारा वेफायर जाऊन लॅबडब्ल्यूसी आला. जुन्या यंत्रणेसाठीच्या एक्ससेटच्या आज्ञा आणि एलएक्सडीईची ऑटोस्टार्ट फाइल तिथे निकामी. स्क्रीन ब्लँकिंग रास्पी-कॉन्फिगमधूनच बंद करा. तरीही चार तासांनी अंधार होत असेल तर तो टीव्ही स्वतः करतो. रिमोटचं बटण दाबलं गेलं नाही की बंद होण्याची सोय त्याच्या ऊर्जा बचतीच्या मेनूत सापडेल.

टीव्हीच्या आतल्या ब्राउझरवर बोर्ड चालवायचा मोह टाळा. २०१७ च्या सॅमसंग टीव्हीत क्रोमियम ४७ आहे, २०१८ च्या एलजीत ५३. जावास्क्रिप्टमधलं असिंक-अवेट आलं क्रोमियम ५५ मध्ये. तुमच्या स्क्रिप्टमध्ये तो शब्द दिसला की हे ब्राउझर अख्खी फाइल नाकारतात आणि पान कोरं. वर जुनी मूळ प्रमाणपत्रं: ३० सप्टेंबर २०२१ ला एक जुनं मूळ प्रमाणपत्र संपलं आणि अपडेट न मिळालेल्या कितीतरी उपकरणांना चांगल्या साइट एका रात्रीत परक्या झाल्या. टीव्हीला पडद्याचं काम द्या, डोक्याचं नको.

दुसऱ्याचं पान चौकटीत दाखवताना ती चौकट कोरी राहत असेल तर त्या साइटने एक्स-फ्रेम-ऑप्शन्स किंवा फ्रेम-अँसेस्टर्स ही सूचना लावून दुसऱ्याच्या चौकटीत दिसायला नकार दिलाय. गुगलचं मुखपृष्ठ टाकून बघा, लगेच कळेल. त्यावर युक्त्या शोधत बसू नका. यूट्यूबसारख्यांनी एम्बेडचा वेगळा पत्ता दिलेला असतो तो वापरा. व्हिडिओ आपोआप सुरू होत नसेल तर आवाज बंद ठेवा. एप्रिल २०१८ च्या क्रोम ६६ पासून आवाजासकट आपोआप वाजवायला माणसाचा स्पर्श लागतो. किऑस्कवर, म्हणजे अशा पूर्ण स्क्रीनभर चालणाऱ्या बोर्डावर, त्यासाठी ऑटोप्ले धोरणाचा फ्लॅग आहे, पण बाजारात ओरडणारा बोर्ड लोक दुसऱ्याच दिवशी बंद करायला लावतात.

मराठीऐवजी चौकोन दिसत असतील तर फॉन्ट नाही. पायच्या डेस्कटॉप नसलेल्या लाइट आवृत्तीवर नोटो किंवा लोहित हा देवनागरी फॉन्ट स्वतः टाकावा लागतो. अक्षरं दिसतायत पण "शेतमाल" मधला श आणि ल हिंदी वळणाचा येतोय? पानाची भाषा "एमआर", म्हणजे मराठी, लिहा. नोटोमध्ये मराठी वळणाचे ल आणि श आहेत, भाषा सांगितली की तेच येतात. कुणी तक्रार केली नव्हती. मलाच खटकत होतं.

बियाण्यांच्या एका दुकानात स्पर्शाचा बोर्ड लावलाय, उभा. त्याच्यावर बोट एकीकडे आणि निवड भलतीकडे व्हायची. स्क्रीन फिरवली होती, स्पर्श फिरवला नव्हता. दोन्ही वेगवेगळे फिरवावे लागतात. ते जमल्यावर दुपारी आपोआप पानं उघडू लागली. इन्फ्रारेड चौकटीचा स्पर्श म्हणजे काठावरून जाणारी किरणांची जाळी. थेट ऊन पडलं, धूळ बसली किंवा माशी बसली तरी त्याला बोटच वाटतं. गुळाच्या दुकानाशेजारी होतं ते. चौकट पुसायचा नेम ठरवला, बोर्ड उन्हातून आत घेतला, आणि ६० सेकंद कोणी हात लावला नाही की पान मुखपृष्ठावर परत येतं, त्यामुळे माशीने काही उघडलंच तरी मिनिटभरात मिटतं.

फाटकासमोरच्या बोर्डाबद्दल आता "अडकला" असे फोन येत नाहीत. "राखाडी झालाय" असे येतात, आणि ते मला नाही, मुनीमजींना. दुपारच्या जेवणाला निम्मं बाजार आवार त्यांना फोन करू लागलं तेव्हा त्यांनीच शीटमध्ये एक रकाना मागून घेतला. तिथे ते "मध्यंतर" लिहितात, बोर्डावर तेच येतं, आणि डबा निवांत खातात.